मित्र प्रेमात पडत असतील तर बॅरन कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: ‘रीजन्सी काळातल्या इंग्लंडमध्ये घडणारी हलकीफुलकी प्रेमकथा मी मराठीत लिहिते आहे. लुईसा आणि टॉम लहानपणापासूनचे शेजारी, जिवलग मित्र. ऐंशी पानं झाली. दोघं मजेत गप्पा मारतात, भांडतात, पण प्रेमात काही पडत नाहीत. मैत्रिणीने वाचून सांगितलं, अडथळाच नाही तर कथा कसली? म्हणून एक दुष्ट बॅरन, म्हणजे उमराव, आणला. तरी गाडी अडलीच आहे. शिवाय या दोघांनी एकमेकांना तू म्हणायचं की तुम्ही?’ सोबत पहिली तीन प्रकरणं आणि पुढचा आराखडा जोडला आहे.

आधी बॅरनला घरी पाठवा, मग बोलू.

मी २२ वर्षं इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणते आहे, त्यातल्या बऱ्याच याच काळातल्या. अलीकडे इतरांची हस्तलिखितंही तपासते. मैत्रीतून प्रेम हा विषय असला की ऐंशी ते शंभर पानांच्या दरम्यान कुणीतरी मिश्यांना पीळ देत हजर होतोच. कधी तो नायिकेला पळवतो, कधी तिच्या भावाच्या जुगाराच्या कर्जाचे कागद खिशात घेऊन फिरतो. मग टॉम तिला सोडवतो आणि दोघांना कळतं की अरेच्चा, हे तर प्रेम. वाचकाला मात्र काहीच कळत नाही, कारण सुटका झाली म्हणून कुणी प्रेमात पडत नाही, फार तर आभार मानतं.

तुमच्या मैत्रिणीचं निदान बरोबर आहे, औषध चुकलं. अडथळा हवाच. पण तो त्या काळाने तुमच्या दोघांच्या मधोमध आधीच ठेवलाय आणि तुम्ही त्याला वळसा घालून पुढे गेलात.

रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. राजा तिसरा जॉर्ज आजारी म्हणून युवराजाने रीजंट म्हणून त्याच्या जागी कारभार पाहिला, ती नऊ वर्षं. या काळात खात्यापित्या घरातली मुलगी सतरा-अठराची होईपर्यंत अभ्यासाच्या खोलीतली. शेजारच्या मुलाबरोबर झाडावर चढली, ओढ्यात भिजली, तरी कुणी विचारत नसे. मग तिचं समाजात पदार्पण व्हायचं, आणि त्या दिवसापासून कुठल्याही पुरुषाबरोबर ती किती वेळ बोलली, कुणाच्या गाडीत बसली, किती वेळा नाचली, याचा हिशेब गावातल्या प्रत्येक दिवाणखान्यात ठेवला जायचा. भाऊ चालेल. वडिलांच्या वयाचा नातलग चालेल. वाग्दत्त वर तर चालेलच. पण ‘मित्र’ या नावाचं खातंच त्या वहीत नव्हतं.

तुमच्या पहिल्या प्रकरणात बारा वर्षांची लुईसा टॉमच्या खांद्यावर चढून जर्दाळू चोरते. फार गोड प्रसंग आहे, हात लावू नका. दुसऱ्या प्रकरणात ती एकोणीस वर्षांची आहे आणि त्याच बागेत टॉमशी त्याच मोकळेपणाने, दोघंच, तासभर बोलत बसते. इथे तुमची कथा गेली. ती एकोणीसची झाली तेव्हा ही मैत्री बेकायदा झालेली आहे, आणि तुम्ही ते कुणाच्या लक्षातच येऊ दिलं नाही! हा तासभर त्यांना फुकट मिळता कामा नये. तो कुणाच्या तरी मेहेरबानीवर, कुठल्या तरी सबबीवर मिळालेला हवा.

सबब कोणती, ते आपल्याला शिकवायची गरज नाही. ‘अहो, ते दोघं अगदी बहीणभावासारखे!’ आपल्याकडेही कॉलेजच्या पोरींनी नको असलेल्या मुलाला राखी बांधून वाटेला लावलंय, आणि नको नसलेल्या मुलाबद्दल आईला ‘भावासारखा आहे गं’ सांगून त्याच्याबरोबर सिनेमाही पाहिलाय. टॉम आणि लुईसाची मैत्री या परवान्यावर चालते. दोघं तो प्रत्येकाला दाखवतात: मावशीला, पाद्रीबाईंना, एकमेकांना. तुमची सगळी गंमत या परवान्यात आहे. तो जितक्या वेळा दाखवाल तितका चुरगळत जाईल. शेवटी कुणीतरी त्याकडे बघून म्हणेल, ‘बरं झालं, मग टॉमला मिस अमुकशी लग्न करायला हरकत नाही ना तुझी?’

याचा मी पाहिलेला सगळ्यात नेटका नमुना त्याच काळातला आहे, म्हणून नाव घेते: जेन ऑस्टिनची ‘एमा’. १८१५ च्या डिसेंबरअखेर बाहेर आली, आतल्या शीर्षकपानावर १८१६ छापलं होतं. खुद्द रीजंटला अर्पण केलेली, आणि ऑस्टिनला हा माणूस मुळीच आवडत नसे. एमा एकविशीच्या उंबरठ्यावर, मिस्टर नाइटली सदतीस-अडतीसचे, शेजारी आणि जुने घरोब्याचे. त्यांचा भाऊ तिच्या बहिणीचा नवरा. म्हणजे परवाना पक्का, सोयरिकीचा. क्राउन नावाच्या खाणावळीतल्या नाचाच्या रात्री नाइटली तिला नाचायला विचारतात तेव्हा तीच म्हणते, आपण काही इतके बहीणभाऊ नाही की नाचलो तर वावगं दिसेल. ते उत्तर देतात: बहीणभाऊ? छे, मुळीच नाही. इतकंच. लेखिका पुढे एक शब्द बोलत नाही, प्रकरण संपतं. परवाना फाटल्याचा आवाज वाचकाला ऐकू येतो, एमाला येत नाही.

आणि शेवटी, बागेत, नाइटली मनातलं सांगायच्या बेतात असताना तीच त्यांना थांबवते. तिला वाटतं, ते दुसऱ्याच मुलीबद्दल बोलणार. मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून तिला वाईट वाटतं आणि ती म्हणते, बोला, मैत्रीण म्हणून मी काहीही ऐकून घेईन. त्या एका शब्दाने माणूस घायाळ होतो. बघा, तिथे बॅरन नाही, पळवापळवी नाही, द्वंद्वयुद्ध नाही. ‘मैत्रीण’ हा सबंध पुस्तकभर सुखाचा असलेला शब्द एका संध्याकाळी टोचायला लागतो. तुम्हाला नेमकं हेच करायचं आहे. जो शब्द त्यांना जवळ ठेवत होता तोच मध्ये येतो.

आता नाच. तुम्ही सलग दोन पानं गाऊनचा रंग आणि झुंबरं यांत घालवलीत, आणि नाच दोन ओळींत उरकला. उलट करा. त्या काळी एका जोडीदाराबरोबर एका वेळी दोन नाच करायचे, म्हणजे साधारण अर्धा तास. नंतर त्याच्याबरोबर आणखी एक फेरी ठीक. तिसऱ्यांदा त्याच माणसाने विचारलं तर खोली बोलायला लागते. शिवाय मुलीने एकाला नकार दिला तर शिष्टाचाराप्रमाणे तिने पुढे दुसऱ्याबरोबरही नाचू नये, रात्रभर बसून राहावं. या एका नियमात तुम्हाला एक सबंध प्रकरण मिळतं. एखाद्या कंटाळवाण्या जमीनदाराला लुईसाने नाही म्हटलं (बॅरनला इथे वापरा, दुष्ट न ठेवता फक्त कंटाळवाणा ठेवा). आता ती बसून. टॉमला नाचायला माणसं कमी नाहीत. तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला तर मैत्री, आणि नाचायला गेला तर? दोन्हींतलं काहीही केलं तरी काहीतरी मोडतं.

त्यातच त्या गावाकडच्या नाचात दोन रांगा समोरासमोर उभ्या राहायच्या आणि आपली पाळी येईपर्यंत खालच्या जोड्या नुसत्याच तिष्ठत. शंभर माणसांच्या देखत एकांत मिळण्याची ही त्या काळातली एकमेव जागा. वॉल्ट्झ तेव्हा नवा आणि बदनाम होता. रीजंटच्या मेजवानीत तो नाचला गेला म्हणून ‘टाइम्स’ने जुलै १८१६ मध्ये अग्रलेखातून आगपाखड केली होती. पण तुम्ही टॉम-लुईसाला वॉल्ट्झ देऊ नका. कमरेला हात घातला की वाचकाला अंदाज येतो. रांगेत उभं राहून तिष्ठण्यात जास्त मजा आहे.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो याच रांगेत उभा आहे.

इंग्रजी लेखकाला हा प्रश्नच पडत नाही. त्याच्याकडे एकच ‘यू’. तो सगळा भार नावावर टाकतो. थोरली मुलगी असेल तर ‘मिस हार्लो’, धाकटी असेल तर ‘मिस लुईसा हार्लो’, आणि नुसतं ‘लुईसा’ म्हणणारा पुरुष एकतर घरातला किंवा घरात येऊ घातलेला. एमाच्या गोष्टीत नाइटली तिला लहानपणापासून एमाच म्हणतात, आणि ती त्यांना मिस्टर नाइटली. लग्न ठरल्यावर ते म्हणतात, आता तरी दुसरं काही म्हण. ती म्हणते, जमायचं नाही. एकदाच तुमचं पहिलं नाव घेईन, चर्चमध्ये.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जोरात हसले. इंग्रज वाचकाला यात लाडिकपणा दिसतो, आपल्याला थेट उखाणा दिसतो. नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नाही, आणि घ्यायचं तेव्हा चारचौघांत, समारंभाने. दोनशे वर्षांपूर्वीची सरे परगण्यातली मुलगी आणि आपली पणजी यांना या बाबतीत एकमेकींचं बोलणं दुभाष्याविना कळलं असतं. मराठी वाचकाच्या हाती ही किल्ली जन्मजात आहे, ती वापरा. पण ‘उखाणा’ हा शब्द मात्र लिहू नका, लुईसाच्या डोक्यावर लगेच मुंडावळ्या दिसायला लागतील.

तर तू की तुम्ही. माझं मत: दोन्ही, आणि त्यांच्या अदलाबदलीवरच कथा चालवा. लहानपणी तू-तू. पदार्पणानंतर लोकांसमोर तुम्ही, तेही चेष्टेने, नाटकातलं वाक्य म्हटल्यासारखं. मग ते नाटक अंगवळणी पडतं आणि एक दिवस एकांतातही ‘तुम्ही’ येतं, तेव्हा दोघांनाही चमकल्यासारखं होतं. आणि मराठीत एक गोष्ट अशी आहे जी इंग्रजीच काय, हिंदीतही इतक्या सहज जमत नाही: आपला ‘तू’ क्रियापदाच्या शेपटीत लपून बसतो. सर्वनाम न उच्चारता माणूस पकडला जातो. नमुना म्हणून तुमचाच नाच मी असा लिहीन:

‘तुम्हाला उकडतंय का, मिस हार्लो?’ टॉमने विचारलं.

‘माझ्या उकडण्याची काळजी तुम्हाला कधीपासून, कॅप्टन ॲशबी?’

‘तुमच्या मावशी ऐकताहेत.’

‘म्हणून तर विचारते आहे.’

रांग एका जोडीने पुढे सरकली. त्याने हात पुढे केला, तिने धरला. हातमोज्याची अंगठ्याजवळची शिवण उसवलेली होती, गेल्या आठवड्यात होती तितकीच.

‘अजून शिवला नाहीस?’

पाठीमागे मावशींचा पंखा थांबला.

बस. ‘नाहीस’ मधल्या एका ‘स’ने काम केलं. लुईसाला हातमोज्याची शिवण आठवड्यापूर्वीपासून माहीत आहे, हे मावशींना कळलं, टॉमला कळलं, आणि वाचकाला तर सगळंच कळलं. ‘तिचं हृदय धडधडू लागलं’ हे वाक्य तुमच्या तीन प्रकरणांत अकरा वेळा आहे. त्यातली दहा काढा आणि प्रत्येकाच्या जागी एक उसवलेली शिवण शोधा.

शेवटी प्रेम कबूल झाल्यावर मोह होईल की तिच्या तोंडी आता ‘अहो’ घालावं. घालू नका, एका क्षणात गोष्ट रीजन्सी इंग्लंडमधून उचलून सदाशिव पेठेत येऊन बसेल. त्यांना परत ‘तू’वर आणा. फक्त तो आधीचा, सवयीचा ‘तू’ नाही हे कळावं म्हणून त्याच्या आधी एक लांबलचक, अवघडलेला ‘तुम्ही’चा पल्ला जाऊ द्या. माझ्या हिशेबाने दोनशे पानांच्या पुस्तकात किमान पन्नास पानं.

नात्यांच्या बाबतीत एक इशारा, कारण तुमच्या आराखड्यात लुईसाला मागणी घालणारा एक ‘कझिन’ आहे आणि तुम्ही त्याला चुलतभाऊ केलंय. इंग्रजांना चुलत, मामे, आते सगळे एकच, आणि त्यांच्यात लग्नं सर्रास होत. मराठी वाचकाला चुलतभावाने मागणी घातली की शिसारी येते, तिथे विनोद मेला. तोच आतेभाऊ केलात तर कुणाची भुवईही हलत नाही, उलट आजीला वाटेल, घरचं स्थळ आहे, काय वाईट? मूळ इंग्रजी पुस्तक असतं तर मला मुळाशी इमान राखावं लागलं असतं. तुमचं पुस्तक तुमचं आहे, बदला. तसंच ‘आंट’ म्हणजे मावशी की आत्या हेही पहिल्या पानावर ठरवून टाका. तुमची बाई पान १४ वर आत्या आहे आणि पान ५२ वर मावशी.

अशा चुका होतात, हसण्यासारखं काही नाही. मी माझ्या दुसऱ्याच अनुवादात ‘मॉर्निंग कॉल’चं भाबडेपणाने ‘सकाळची भेट’ केलं होतं. त्या काळी संध्याकाळच्या जेवणापर्यंतचा सगळा वेळ ‘मॉर्निंग’च, आणि या भेटी दुपारी होत, पंधराएक मिनिटांच्या. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘आपली पात्रं न्याहारीनंतर तीन तासांनी सकाळीच भेटतात, पुन्हा सकाळीच फिरायला जातात आणि लगेच रात्र होते. तिकडे दुपार नसते काय?’ ते कार्ड मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

आता कळण्याचा क्षण. तुमच्या आराखड्यात दोघांना एकाच रात्री, एकाच गच्चीवर, एकदम कळतं. तसं करू नका. एकाला आधी कळू दे आणि त्याने ते दाबून ठेवू दे. हलक्याफुलक्या कथेत खरी कळ इथूनच येते, आणि विनोदही. नाइटलींना स्वतःचं मन कळलं ते गावात फ्रँक चर्चिल नावाचा देखणा तरुण आल्यावर, मत्सराने. एमाला कळायला बरंच पुढे जावं लागलं, आणि तेही ज्या हॅरिएटसाठी ती नवरे शोधत हिंडत होती तिनेच नाइटलींवर डोळा असल्याचं सांगितलं तेव्हा. दोघांनाही जवळ येण्याने कळलेलं नाही, हातचं जाण्याच्या भीतीने कळलं. मैत्रीतल्या प्रेमाला भीतीच लागते, कारण जवळीक तर आधीपासूनच आहे, त्यात नवं काय? तुमच्या कथेत मी टॉमला आधी कळवीन. मग लुईसाने त्याच्याच बायको-शोधाला मदत करायला घ्यावी, मनापासून, यादी करून. टॉमने त्या यादीतल्या प्रत्येक नावात खोड काढावी. खोडी इतक्या क्षुल्लक असू देत की लुईसाचा सोळा वर्षांचा भाऊ एडवर्ड जेवताना म्हणेल, ‘म्हणजे हिच्यासारखी नाक शिंकरणारी हवी होय याला?’

पण मग टॉम बोलत का नाही? इथे पुन्हा काळ मदतीला येतो, आणि इथेच तुम्हाला एक कडू सल्ला आहे. तुमचा टॉम कंपनी सरकारच्या फौजेत पुण्याला होता, खडकीच्या लढाईत लढला आणि जानेवारी १८१८ मध्ये लंडनला नाचतोय. मराठी लेखिकेला हा मोह पडणं मी समजू शकते. मलाही तो काळ वाचताना सारखं जाणवतं की तिकडे ही मंडळी लिंबूपाणी पीत होती तेव्हा इकडे पेशवाई बुडत होती. योगायोग तर असा की खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे इंग्लंडची लाडकी राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली. सगळा देश काळे कपडे घालून बसला. म्हणजे त्या हिवाळ्यात तुमची झगमगती नृत्यं बसत नाहीत. शिवाय आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून मुंबईहून लंडनला जहाज पोहोचायला पाचेक महिने लागत, टॉम जानेवारीत फार तर समुद्रात कुठेतरी ओकत असेल. आणि खरी अडचण याहून साधी आहे. संगमावरची रेसिडेन्सी जळताना पाहिलेला, बाजीरावाच्या फौजेवर चालून गेलेला टोपीकर गोऱ्या मावशींच्या दिवाणखान्यात विनोद करतोय, हे वाचताना आपल्या वाचकाचं मन त्याच्या बाजूने राहील? माझं तरी नाही राहिलं.

टॉमला स्पेनला पाठवा, वॉटर्लूहून परत आणा आणि गोष्ट १८१६ मध्ये ठेवा. १८१५ ला नेपोलियनशी चाललेलं युद्ध वॉटर्लूच्या लढाईने संपलं आणि हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसवले गेले. टॉम धाकटा मुलगा, इस्टेट थोरल्याची, खिशात अर्धा पगार. लुईसाच्या नावावर चांगला हुंडा. बोलला तर लोक म्हणणार, पैशासाठी. लुईसाही तसंच समजली तर मैत्रीही गेली. हे एवढं कारण एका सभ्य माणसाला दीडशे पानं गप्प ठेवायला पुरतं, आणि तो खरा त्या काळातला वाटतो.

१८१६ घेतलंत की पाऊस फुकट. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, थंडी आणि संततधार. तुमच्या कथेतली टेकडीवरची सहल धुऊन जाऊ दे, सगळी वरात कुणाच्या तरी धान्याच्या कोठारात तीन तास अडकू दे. एक घोंगडं, सतरा माणसं, आणि परवाना.

टॉम स्पेनला होता त्या तीन वर्षांचं काय? तुम्ही त्याला लुईसाला पत्रं लिहायला लावलंत. वाग्दान झालेलं नसताना मुलामुलीने पत्रव्यवहार करणं म्हणजे वाग्दान झाल्याची दवंडीच. त्याने एडवर्डला लिहावं. पत्राचा खर्च तेव्हा घेणारा भरायचा (ही पद्धत १८४० पर्यंत चालली), कागद वाढला की दर वाढे, म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून पुन्हा त्यावर उभं लिहीत. एडवर्डला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी, उभ्या-आडव्या ओळींच्या गिचमिडीत टॉम लुईसाच्या घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याची चौकशी करतो. कुत्रा दोन वर्षांपूर्वीच मेलाय. तिसऱ्या पत्रानंतर लुईसा एडवर्डला त्याबद्दल काही कळवू देत नाही. का, ते तिला सांगता येत नाही.

बाकी किरकोळ. अल्मॅक्स या लंडनच्या प्रतिष्ठित नृत्यगृहात तुम्ही शॅम्पेनचे पाट वाहवलेत. तिथे चहा, लिंबूपाणी, पातळ पाव-लोणी आणि कोरडा केक मिळत असे, आणि लोक त्याबद्दल कुरकुरत. प्रवेश हवा तर आश्रयदात्या बायकांनी दिलेलं प्रवेशपत्र लागे, आणि अकरानंतर दार बंद. गावाकडचे नाच पौर्णिमेच्या आसपास ठेवत, रात्री गाड्यांना रस्ता दिसावा म्हणून. म्हणजे तुमच्या नाचाच्या रात्री ‘गडद अंधार’ नको. भारताचा धागा हवाच असेल तर मावशींना सांधेदुखी द्या आणि समुद्रकाठच्या ब्रायटनला पाठवा. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदने १८१० मध्ये लंडनला हिंदी खाणावळ काढली होती. ती चालली नाही, पण नंतर ब्रायटनला त्याची चंपी आणि वाफेची न्हाणी जोरात चालली. मावशी तिथून ताजीतवानी होऊन परततील आणि अधिक बारीक कान देतील.

तळटीपा किती द्याव्यात, हेही विचारलंत. एकही नको. ऑस्टिनला गाड्यांचे प्रकार समजावून सांगावे लागले नाहीत, तिचे वाचक त्यातच बसून हिंडत होते. पुढे १९३५ पासून जॉर्जेट हेयर यांनी रीजन्सी प्रेमकथा हा वेगळा प्रकार रुळवला, तेव्हा त्यांना तो काळ वाचकासाठी उभा करावा लागला, आणि त्यांनी तो पात्रांच्या फजितीतून उभा केला. आपल्याला अंतर आणखी जास्त, म्हणून फजितीही जास्त. नियम सांगू नका, कुणाकडून तरी मोडवा आणि पुढच्या पानावर त्याची किंमत वसूल करा.

शेवट गोड करा, पण त्यात व्यवहाराचं काहीतरी अडकू द्या. एमाचे वडील लग्नाच्या नावानेच आजारी पडणारे, त्यांना सोडून ती जाणार कशी? तर नाइटली आपला भलाथोरला वाडा सोडून तिच्या घरी राहायला येतात. होय, घरजावई, आणि तोही हौसेने. तरीही म्हातारबुवा तारीख धरू देत नाहीत. मग शेजारच्या खुराड्यातून टर्की चोरीला जातात, त्यांना चोरांची धास्ती बसते, घरात एखादा धडधाकट जावई असलेला बरा असं वाटतं आणि लग्न मार्गी लागतं. चारशे पानांचं प्रेम कोंबडीचोरांनी सोडवलं! तुमच्या टॉमचा अर्धा पगारही असाच कुठल्यातरी क्षुल्लक, घरगुती गोष्टीने सुटू दे. अचानक मेलेला श्रीमंत काका नको, तो बॅरनचाच भाऊ.

आणि शेवटच्या प्रकरणातलं चांदण्यातलं लग्न सकाळी न्या. १७५३ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये लग्न चर्चमध्येच आणि सकाळी आठ ते दुपारी बाराच्या आत लावावं लागे, त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारून किंवा बिशपचा परवाना काढून. मी तीन रविवारांचा पर्याय घेईन. पाद्री भर चर्चमध्ये ‘थॉमस’ आणि ‘लुईसा’ असं, पूर्ण नावांनी, तीनदा पुकारतो. पहिल्या रविवारी मावशी पंखा हलवायच्या थांबतात, दुसऱ्या रविवारी एडवर्डला हसू आवरत नाही, आणि तिसऱ्या रविवारी लुईसाचं लक्ष पाद्रीकडे नसतंच, समोरच्या बाकावर टेकवलेल्या एका हातमोज्याकडे असतं.